पाव्हणं, पात सोडू नका

भलरी ऐकायला म्हणून मी गेलो होतो, आणि रानात पाय ठेवल्या ठेवल्या कळलं की तिथं ऐकणाऱ्यासाठी जागाच नसते. बांधावर उभं राहावं तर धड काही कानावर येत नाही. ज्वारी डोक्याच्याही वर गेलेली, आत माणसं वाकलेली, त्यामुळे बाहेरून दिसतात ती नुसती हलणारी कणसं. मधूनच एक चढा आवाज उठतो, त्याच्यामागोमाग पंधरा-वीस गळे एकदम काहीतरी म्हणतात, आणि त्याच क्षणी कणसांची एक अख्खी रांग नाहीशी होते. फोन पुढे धरून मी ते टिपायच्या खटपटीत होतो, तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "पाव्हणं, तितं काय सापडायचं न्हाय. या आत, धरा पात!"

फोन खिशात गेला तो दुपारीच बाहेर आला.

ऑफिसातला माझा एक मित्र मंगळवेढ्याकडचा. त्याच्या मामांनी यंदा ज्वारीच्या काढणीला इर्जिक घालायचं ठरवलं होतं. इर्जिक म्हणजे गावातल्यांनी एक दिवस एकाच्या रानात जमून त्याचं काम उरकून द्यायचं. मजुरी कुणी मागायची नाही, पण मालकानं सगळ्यांना जेवू घालायचं, आणि ते जेवण आमटी-भाताचं चालत नाही. पूर्वी सुगीत अशा इर्जिकी व्हायच्या, आणि तिथं काम करता करता म्हणायची ती भलरी. हलगी असायची, पुढं म्हणणारा असायचा, मागं झील धरणारी सगळी पात असायची. मधली बरीच वर्षं हे सगळं बंदच होतं. यंदाच का, असं मामांना विचारलं, तर म्हणाले, "हौस म्हणा, न्हायतर मजूर मिळंना म्हणून म्हणा. दोनी खरंच हाय."

उत्तर मला आवडलं. परंपरेचं जतन, पुनरुज्जीवन वगैरे सामान मीच पुण्याहून बरोबर नेलं होतं. तिथं ते कुणाच्या तोंडात नव्हतं.

मला बोलावलं ते मी गातो म्हणून. गातो म्हणजे सोसायटीच्या गणपतीत, ऑफिसच्या स्नेहसंमेलनात, मोबाइलवर ट्रॅक लावून, समोर शब्द ठेवून. भावगीतांची माझी वही आहे. तेवढ्या भांडवलावर मला वाटलं होतं की दोन-तीन चाली उचलून घेऊ आणि पुढच्या गणपतीत सादर करू.

आता थोडं ज्वारीबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं गाणं कळायचं नाही. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते तिथल्या काळ्याभोर, खोल मातीमुळे. या ज्वारीला पाणी देत नाहीत. परतीच्या पावसानं रान भिजलं की पेरायची, आणि मग जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती माघापर्यंत तग धरते. बहुतेक रानांत मालदांडी. त्या देशी मालदांडीतूनच शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला 'एम 35-1' हा वाण गेल्या शतकाच्या पूर्वार्धातला. पुढे संकरित वाण कितीतरी आले, पण रब्बीत या भागातल्या शेतकऱ्यानं त्याला सोडलेलं नाही, कारण भाकरी गोड लागते आणि कडबा जनावर आवडीनं खातं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. 2023 साल तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. मामांनाही ते ठाऊक होतं. "व्हय, रेडिओवर सांगत हुते," म्हणाले. "मजुराचं काय ते मातर बोलले न्हाईत."

मजुराचं दुखणं असं की ही ज्वारी कापत नाहीत, उपटतात. कापली तर धसकटं रानात राहतात, आणि कडब्याची ताटं बुडापाशी तेवढी आखूड होतात. मोठं काढणी यंत्र आणावं तर ते दाणे देतं आणि कडब्याचा चुरा करून टाकतं. ज्याच्या दावणीला दोन जनावरं आहेत त्याला ते परवडत नाही. म्हणून माणूस लागतो, आणि माणसाची कंबर लागते. भलरी ही त्या कंबरेसाठी आहे, कानासाठी नव्हे, हे मला कळायला अर्धा दिवस गेला.

रानात पोचलो तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. दव इतकं की पँट गुडघ्यापर्यंत भिजली. ते दव कामाचं असतं. ऊन चढलं की पात्याला धार येते, हात कापतात, वाळलेल्या कणसातून दाणा गळायला लागतो. म्हणून पहाटेच हात घालायचा. बांधाच्या कोपऱ्यात चुना लावलेले पाच दगड होते, ते पांडव. मामींनी त्यांच्यापुढं नारळ फोडला, पहिल्या ताटांना हळदीकुंकू लावलं, आणि खोबऱ्याचे तुकडे हातावर पडेपर्यंत निम्मी मंडळी रानात शिरलीसुद्धा.

हलगीवाले दोघे भाऊ मात्र निवांत होते. त्यांनी वाळक्या पाल्याची आगटी पेटवली होती आणि तव्यावरची भाकरी फिरवावी तशी हलगी आचेपुढं फिरवत होते. दवानं कातडं सैल पडतं. थोरला मधूनच टिचकी मारून कान लावायचा. आधी नुसतं 'धप्प' वाजायचं. पुन्हा आच, पुन्हा टिचकी. असं करता करता एकदा 'टण्' असा लखलखीत आवाज आला आणि रानातल्या सगळ्या माना वळल्या. एका हातात आखूड जाडसर टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लांब काडी. टिपरू ठोका देतं, काडी मधली जागा भरते. काडीचा आवाज इतका बारीक आणि इतका दूरवर जाणारा असतो की पलीकडच्या रानातल्या मोटारीच्या घरघरीतूनही तो वेगळा ऐकू येत होता.

भलरी सांगणारे आण्णा सत्तरीच्या पुढचे. डोक्याला पटका, अंगात सदरा, आणि त्यावर नातवाचं निळं जर्किन. त्यांच्यापाशी जाऊन मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "पट्टी कोणती धरायची?"

आण्णांनी माझ्यापुढच्या ज्वारीकडं हात केला. "ही की. त्या बाभळीपतोर."

पात म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळी. प्रत्येकाला काही तासं मिळतात, ती धरून शेवटच्या बांधापर्यंत जायचं. माझ्या उजवीकडं मित्राचा मामेभाऊ, डावीकडं एक काकू. साडीवरून पुरुषी सदरा, हाताला फडकी गुंडाळलेली. काकूंनी शिकवलं. ताटं बुडापाशी धरायची, वर नाही. मुठीत मावतील तेवढीच. हातानं ओढायचं नाही, अंग मागं टाकायचं. उपटली की मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि कणसं एका अंगाला करून आडवी टाकायची. यातलं प्रत्येक वेगवेगळं जमत होतं. सगळं मिळून, आणि वर गाणं, हे काही केल्या बसेना.

कारण गाणं कुठं म्हणायचं तेच कळत नव्हतं. आण्णा एक ओळ म्हणायचे. आवाज चढा, थोडा फाटका, पण रानाच्या पार टोकाला पोचणारा. ओळ संपते ना संपते तोच सगळे झील धरायचे, 'भलरी' या शब्दाभोवती फिरणारी. मी आण्णांची ओळ पाठ करायच्या नादात असायचो, तोवर झील येऊन जायची. झील पकडावी तर ताटं हातातच. ताटं उपटावीत तर आण्णा पुढच्या ओळीवर. सूर म्हणावा तर प्रत्येकाचा आपापला. मामेभाऊ खाली, काकू वर, हलगीवाला धाकटा भाऊ तर नुसता ओरडत होता. हार्मोनियमवाला असता तर पेटी मिटून घरी गेला असता. आणि तरी ते सगळं मिळून एक होतं, वेगळं पडत होतो तो मी एकटाच.

काकूंनी थोडा वेळ माझं हे बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांचं तुमी कशाला म्हंताय? ते त्यांचं हाय. आपलं फकस्त मागलं."

मग उलगडायला लागलं. आण्णांची ओळ चालते तेवढा वेळ इतरांचा असतो. त्यात वाकायचं, ताटं मुठीत गोळा करायची, पाय रोवायचे. झील आली की उपटायचं. 'भलरी'च्या 'भ'ला ओठ उघडतात, दम बाहेर पडतो, त्याच झटक्याला मूळ सुटतं. दम कोंडून उपटलं की कंबर धरते, आणि कोंडून उपटलेलं मला मागच्या तासाभरात चांगलंच जाणवत होतं. म्हणजे झील ही गाण्यातली ओळ असली तरी तिचं खरं काम श्वास सोडवण्याचं. शब्द तिथं आखूड, उघडा, सगळ्यांना पाठ असलेलाच पाहिजे. विचार करायला लावणारा शब्द असेल तर ताट येणार नाही.

आण्णांच्या ओळींना मात्र काही धरबंध नव्हता. खंडोबा झाला, पंढरी झाली. दामाजीपंत झाले. दुष्काळात बिदरच्या बादशहाचं कोठार लोकांना मोकळं करून देणाऱ्या दामाजींची कथा इथलीच, त्यामुळे ज्वारीच्या रानात त्यांना चुकवून कसं चालेल. मग नवरा-बायकोची भांडणं झाली. मग मामांचा चिकटपणा, इर्जिकीला बोकड किती किलोचा कापला याची चौकशी. त्यानंतरच्या काही ओळी अशा होत्या की काकूंनी पदर तोंडाला लावला आणि झील मात्र दुप्पट जोरात दिली. त्या इथं लिहिता येण्यासारख्या नाहीत. यातलं किती जुनं, किती त्या सकाळचं, मला सांगता येत नाही. एक नक्की, पुण्याहून आलेला पाहुणा आणि त्याचे पांढरे बूट हे काही आण्णांच्या वडिलांनी रचून ठेवलेलं नव्हतं.

पात निम्मी झाली असेल. आण्णांनी एक ओळ म्हटली. झील झाली. पुन्हा तीच ओळ म्हटली. पुन्हा झील. मग तिसऱ्यांदा तीच, फक्त शेवटचा शब्द लांबवून. मला वाटलं, वय झालंय, विसरले. मी मामेभावाकडं बघितलं. तो हसला. "इसरलं न्हाईत. तुमी मागं ऱ्हायलाय."

मान वर करून बघितलं तर खरंच, सगळी रांग पुढं आणि माझ्या जागी तेवढा ज्वारीचा सुळका मागं उभा. माझी ताटं रांगेला येईपर्यंत आण्णा पुढची ओळ देत नव्हते. रांग मोडून चालत नाही. एक मागं राहिला की त्याच्या उभ्या ज्वारीत शेजाऱ्याची कणसं अडकतात, पडतात, पायाखाली जातात. मग जुळून आल्यावर त्यांनी एकदम ठाय सोडली, हलगी चढली आणि पाच-सहा ओळी अशा भरभर आल्या की मी काय करतोय ते मलाच कळलं नाही. एवढंच कळलं की बाभूळ जवळ आली.

त्यानंतर मी गाण्याऐवजी आण्णांकडं बघायला लागलो. ते कडेच्या पातीवर होते, निम्मीच ताटं धरत होते, आणि डोळे सारखे रांगेवरून फिरत होते. कोण पाणी प्यायला थांबला, कुणाची मूठ मोठी झाली, कुठं जमीन कडक लागली, सगळं ओळीत उतरत होतं. थांबायचं तर ओळ लांबायची. चालायचं तर तुटक व्हायची. गाणारा आपल्या तब्येतीनं गातो अशी माझी समजूत. हा माणूस पंधरा-वीस जणांच्या तब्येतीनं गात होता. असं गाणं मी तोवर पाहिलं नव्हतं.

भलरी मी त्याआधी पाहिली होती ती स्टेजवर. युवा महोत्सवात, एकसारखी लुगडी, एकसारखे फेटे, हातात पुठ्ठ्याचे चंदेरी विळे. विळे उजवीकडं, विळे डावीकडं, गिरकी. सूर पक्का, ठेका पक्का. इथल्या रानात एकही विळा नव्हता, गिरकी घ्यायला जागा नव्हती, आणि मुख्य म्हणजे स्टेजवर कुणी मागं राहत नाही. सगळ्यांचं बसवलेलंच असतं. त्यामुळे पुढं म्हणणाऱ्याला करण्यासारखं काही उरतच नाही, नुसतं गावं लागतं. स्टेजवरच्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही, त्यांचं काम वेगळं. पण दोन्हीला एकच नाव आहे याची मला तिथं गंमत वाटली.

न्याहारीला सावलीत बसलो तेव्हा मी हे सगळं जरा भारावूनच बोलून दाखवलं. भाकरीवर शेंगांची चटणी, वर तेल, कांदा. काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "व्हय, बरं वाटतंय. पर आमच्या सासूच्या टायमाला मालक हलगी लावायचा ते काय आमाला बरं वाटावं म्हून न्हाय. हलगीवर काम दीडपट हुतंय. चार मानसं कमी लागायची." आण्णांनीही मान डोलावली. सांगणाऱ्याला त्या काळी मालक वेगळी पायली द्यायचा, म्हणाले, म्हणजे तो थोडा मुकादमच. हलगीवाल्या धाकट्यानं आणखी एक सांगितलं. पूर्वी त्यांच्या घरच्यांना बोलावणं यायचं ते वाजवायला. जेवायला पान वेगळं, लांब. आज तो मामांच्या शेजारी बसून खात होता आणि हे अगदी सहज सांगत होता. मामा खाली बघून भाकरी मोडत राहिले.

उन्हं वर आली तसे माझ्या तळहातांना फोड आले. अंगाला कूस लागून खाज सुटली ती वेगळीच. काकूंनी हात उलटे-सुलटे करून बघितले आणि सरळ निकाल दिला, "यांला मोडणीला बसवा."

मोडणी बायकांची. उपटून टाकलेल्या ताटांपाशी बसायचं, कणीस मोडून पाटीत टाकायचं, ताट बाजूला करायचं. पाट्या भरल्या की कणसं खळ्यावर, ताटांच्या पेंढ्या बांधून बुचाड रचायचं. गड्यांच्या पातीतून बायकांच्या घोळक्यात झालेली माझी बदली बघून रानभर हशा पिकला, आण्णांनी त्यावरही ओळ टाकली. मी बसलो. काम सोपं होतं. म्हटलं, आता तरी गाणं जमेल. झीलच तर धरायची.

इथं झील नव्हती. ठेकाही नव्हता. हलगी लांब कुठंतरी वाजत होती, पण या बायकांचं तिच्याशी काही देणंघेणं दिसेना. एक मावशी कणीस मोडता मोडता बोलावं तसं सुरू करायच्या, सूर वर जायचा, ओळीच्या शेवटी लांबत जाऊन खाली यायचा. मग गप्प. चार-सहा कणसं मोडून व्हायची. मग पलीकडून दुसरी कुणी त्याच चालीवर पुढचं म्हणायची, बोलणं पुढं चालू ठेवावं तसं. मी हात गुडघ्यावर ठेवून वाट बघत होतो, आता येईल, आता येईल. काहीच येत नव्हतं. सकाळी मोठ्या कष्टानं शिकलेलं सगळं इथं फुकट होतं.

या ओव्या. जात्यावरच्याच, पण जातं घरातून गेलं तशा त्या रानात आल्या, भाकऱ्या थापताना आल्या. त्यांत भाऊ होता, माहेरची वाट होती, विठोबा होता. पंढरपूर तिथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे विठोबाशी बोलणं शेजाऱ्याशी बोलावं तसं, थोडं रागावूनही. जात्यावरच्या ओव्या जपून ठेवायचं मोठं काम आपल्याकडं झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्या आता 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतात. ते काम मला ऐकून माहीत होतं. ओवी एकटीची असते, समोर एक माणूस वही घेऊन बसला तरी ती येते. आण्णांची भलरी अशी वहीत उतरवायची तर वहीवाल्याला आधी पात धरावी लागेल, आणि पात धरली की वही धरता येत नाही.

मावशींनी माझी चौकशी सुरू केली. आईचं नाव काय, गाव कुठलं, बायकोचं नाव काय, बहिणी किती. मला वाटलं, नेहमीच्या गप्पा. मी भराभरा सांगून टाकलं. थोड्या वेळानं एका ओवीत माझी आई आली. तिचं नाव, तिचं माहेर, आणि तिच्या लेकाच्या हातांना आलेले फोड. मावशींनी माझ्याकडं बघितलंही नाही, कणीस मोडत राहिल्या. नंतरच्या ओवीत बायको आली. ती नवऱ्याला असं उन्हात पाठवून स्वतः पुण्यात काय करते, असा एकंदर सूर होता. सगळ्या खिदळल्या. आता माझी पाळी आहे हे कुणी सांगितलं नाही, पण सगळ्या गप्प झाल्या आणि ती शांतता माझ्याकडं तोंड करून बसली.

मला काहीही सुचलं नाही. वहीतली कितीतरी गाणी पाठ, पण त्यांतल्या एकातही मावशींचं नाव घालायला जागा नव्हती. शेवटी मी 'मावशी' एवढाच शब्द त्यांच्या चालीवर लांबवला, वर नेला, खाली आणला. पुढं रिकामं. बाजूच्या पोरीनं ते रिकामं भरून टाकलं, मावशींच्या गुडघेदुखीचं काहीतरी. "जमतंय की," मावशी म्हणाल्या, आणि पाटी माझ्याकडं सरकवली.

मोडणीची मजुरी त्या कशी घेतात ते विचारलं. इर्जिकीला मजुरी नसते, पण एरवी? "ज्वारीच घेतू," एकजण म्हणाली. "पैसा बाजारात जातूय. ज्वारी घरात ऱ्हातीया."

संध्याकाळपर्यंत रानाचा मोठा तुकडा मोकळा झाला. मळणी काही त्या दिवशी नसते. कणसं वाळावी लागतात, आणि आता तर मळणी यंत्र बांधावर येऊन दुपारभरात भुस्सा उडवून जातं. आण्णांनी जुन्या खळ्याचं सांगितलं. मधोमध तिवडा, त्याभोवती फिरणारे बैल, वाऱ्याची वाट बघत हातात पाटी घेऊन उभी माणसं. रास झाली की पायात चप्पल नको. मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मग दोन, तीन. मी उत्साहानं विचारलं, "आणि राशीची गाणी?"

"राशीपाशी कोन गातंय? तितं तोंड मिटून ऱ्हायाचं. गानं काढणीला. दाणं घरात येस्तवर."

जेवणं बांधावरच झाली. माळकऱ्यांना पिठलं, बाकीच्यांना मटण, आणि भाकऱ्यांची चळत संपता संपत नव्हती. बोकड लहान होता ही तक्रार आण्णांनी जेवतानाही लावून धरली. हात धुऊन सगळे टेकले तशी मित्रानं आग लावली, आमचे पाव्हणे पुण्यात गातात, मोठमोठ्या कार्यक्रमांत. सुटका नव्हती. मी वहीतलं सगळ्यांत खात्रीचं भावगीत काढलं, ट्रॅक नव्हता, घसा कुसळांनी भरलेला. पहिली ओळ संपवून मी नेहमीप्रमाणं श्वास घेतला, आणि त्या श्वासाच्या जागेत पंधरा-वीस जणांनी झील घातली. मी दचकलो. दुसरी ओळ. पुन्हा झील. हलगी सुरू झाली. चांदण्यातल्या विरहाचं ते नाजूक गाणं बघता बघता असं ठणठणीत झालं की त्यातली नायिका पदर खोचून ज्वारी उपटायला लागली असावी. अंतऱ्याला मी शब्द विसरलो. मी तीच ओळ पुन्हा म्हटली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आण्णा तेवढे बारीक हसले.

निघायच्या वेळी उद्याची वाटणी चालली होती. इर्जिक मामांची होती, पण बाकीच्यांची रानंही उभीच होती. उद्या काकूंकडं पैऱ्यानं, म्हणजे कामाच्या बदल्यात काम, परवा हलगीवाल्यांच्या एकरभर तुकड्यात. कोण कुणाकडं आलं होतं आणि कोण कुणाचं देणं लागतं याचा हिशोब कागदाशिवाय चोख होत होता. तो फिरत फिरत माझ्यापाशी आला.

"पाव्हणं, तुमचं रान कुठं?" धाकट्या हलगीवाल्यानं विचारलं.

"रान नाही. कोथरूडला फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर."

"गॅलरी हाय का?" आण्णांनी विचारलं.

"आहे."

"मग कुंड्या असत्यालच. येतू आमी समदी, उपटून देतू. पर बोकड मोटा पायजे."

"हलगी वाजवू देत्यात का तितं?"

"देतात," मी म्हणालो. "रात्री दहापर्यंत."

"लई झालं," आण्णा म्हणाले. "कुंड्याच त्या."